झिंगे जिवंत होते

‘ती घटना आजही आठवते’ असं निवृत्त पोलीस अधिकारी म्हणाला की ऐकणारे सावरून बसतात. आता खून येणार, दरोडा येणार. त्यातून नोकरी गडचिरोली जिल्ह्यात झाली म्हटल्यावर तर चकमकीशिवाय लोकांचं समाधानच होत नाही. माझ्या आठवणीत मात्र येतात ते मेलेले मासे. आणि आमच्या ठाण्याच्या कोपऱ्यात उकिडवा बसलेला एक माणूस, जो माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणत होता, ‘होय साहेब, मीच केलं.’

नावं कुणाचीच सांगणार नाही, गावाचंही नाही. चामोर्शीच्या पुढे, जंगलाला लागून असलेलं एक गाव समजा. धानाची शेती, जुना मालगुजारी तलाव, आणि त्या तलावावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी पन्नासेक घरं. मी त्या भागाचा ठाणेदार होतो आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्या वयात पोलीस अधिकाऱ्याला एकच ध्यास असतो, की सेवापुस्तक कोरं घेऊन घरी जावं. माझा स्वभाव मुळातच काळजीखोर. काही वाकडं व्हायचं असलं की आधी माझं पोट बिघडायचं. बायको म्हणायची, ‘तुमच्या पोटाला ठाणेदार करा, तुम्ही घरी बसा.’

त्या गावातल्या एका मासेमाराला जन्मठेप झाली होती. त्याला मी इथे डोंगावाला म्हणतो, कारण तलावात डोंगा हाकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं सगळे सांगत. ऐन तारुण्यात जाळ्याच्या हद्दीवरून त्याचं आपल्याच जोडीदाराशी भांडण झालं. रागात त्याने डोंग्याचा बांबू डोक्यात घातला. जोडीदार दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. मागे त्याची बायको राहिली आणि पदरात तान्ही मुलगी. त्या बाईने मासेमारांच्या सोसायटीत नवऱ्याच्या जागी नाव लावलं, दीड एकर धानाची शेती सांभाळली, मुलगी वाढवली आणि सासरी धाडली. इकडे डोंगावाल्याची बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. त्याचं घर पावसात बसलं.

जन्मठेपेचा कैदी मुदतीआधी सोडायचा झाला की कारागृहाकडून त्याच्या गावच्या ठाण्याला पत्र येतं. हा माणूस गावात परतला तर शांततेला धोका आहे काय, स्थानिक चौकशी करून अहवाल पाठवावा. असं पत्र आलं की बहुतेक ठाणेदार ‘धोका नाकारता येत नाही’ असं लिहून मोकळे होतात. त्यात आपल्याला काही तोशीस नसते. मी तसं केलं नाही. पॅरोलवर आला असताना मी त्याला पाहिलं होतं. ठाण्यात हजेरीला यायचा, सही करायचा, आणि ‘जा’ म्हणेपर्यंत हलायचा नाही. मला त्याची दया आली होती, हे कबूल करतो. गावात जाऊन दहा-बारा लोकांचे जबाब घेतले. त्या विधवा बाईच्या दारातही गेलो. विचारलं, ‘बाई, तो परत आला तर तुमची काही हरकत आहे का?’ ती सुपात धान पाखडत होती. तिने मान वर केली नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो, पुन्हा विचारलं. ती पाखडतच राहिली. मी बाहेर आलो आणि लिहिलं, ‘मयताच्या पत्नीने हरकत घेतली नाही.’

दिवाळीच्या आसपास तो सुटून आला. सुटका अटींवर होती. पुन्हा गुन्हा केला तर उरलेली शिक्षा भोगायला परत आत. गावात त्याला घर कोण देणार? मीच सोसायटीच्या अध्यक्षांना गाठलं, दोनदा चहा पाजला, तिसऱ्यांदा जरा दरडावलं आणि त्याला तलावाचा राखणदार नेमून घेतलं. पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक झोपडी टाकून दिली. गावापासून लांब असल्यामुळे गावाचीही हरकत नव्हती. मी खूश होतो. वरिष्ठांना सांगितलं, एक माणूस मार्गी लावला. त्या झोपडीकडे कुणी बोलायला म्हणून फिरकत नाही, हे मला बीट हवालदाराने सांगितलं होतं. मी म्हटलं, होईल हळूहळू.

चैत्र संपत आला होता. त्या आठवड्यात तलावाची मोठी मासेमारी व्हायची होती. पाणी खोलगट भागात जमा झालं होतं, मासा भरलेला होता, मुलचेऱ्याकडचे व्यापारी बर्फ घेऊन येणार होते. लग्नसराई होती, आणि पन्नास घरांचा पुढचा सगळा हिशोब त्या माशांवर होता. अशा दिवसांत एका सकाळी सव्वासहाला माझा मोबाईल वाजला. सोसायटीचे अध्यक्ष होते.

‘साहेब, तलाव मेला आमचा. पुरा मेला. तुमच्या त्या मानसानं औषध टाकलं पान्यात. पोतं घेऊन जाताना पायलं त्याले.’

‘तुमच्या त्या माणसानं’ हे शब्द पोटात गेले. मी शर्टाची बटणं लावतच जीपमध्ये बसलो.

पारीवर तीनएकशे माणूस जमला होता. पाण्यावर मासेच मासे, पोटं वर करून. रोहू, कटला, मरळ, लहान-मोठं सगळं. घारी आणि कावळे तुटून पडले होते. बाया काठावर बसून रडत होत्या. पोरांनी झोपडी मोडून टाकली होती आणि डोंगावाला बांबूच्या त्या मोडक्या ताट्यांमध्ये दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसला होता. पळाला नव्हता. कपाळ फुटलं होतं, रक्त वाळलं होतं. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर मला मासे सोडून त्याचाच पंचनामा करावा लागला असता. गर्दी मागे सारायला दोन शिपाई लावले आणि त्याला जीपमध्ये घातलं. जीप निघाली तशी मागून एक दगड आला. माशांचे व्हिडिओ तोवर गडचिरोलीपर्यंत पोचले होते.

ठाण्यात आणल्यावर तो भिंतीच्या कोपऱ्यात उकिडवा बसला. खुर्ची दिली तरी बसला नाही. इतकी वर्षं आत काढलेली माणसं अशीच बसतात. हवालदारांनी जखमेवर पट्टी लावली. हे हवालदार त्याच पट्ट्यातले, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि माझ्याहून दहा पटीने शांत. मी चौकशी सुरू केली.

‘काय टाकलंस पाण्यात?’

‘औषध, साहेब.’

‘कसलं औषध?’

‘धानावरचं.’

‘कुठून आणलं?’

‘बाजारातून.’

‘चामोर्शीच्या की घोटच्या?’

‘होय साहेब, घोटच्या.’

‘चामोर्शीच्या का नाही?’

‘चामोर्शीच्याबी, साहेब.’

‘बाटली होती की डबा?’

‘तुमी म्हनान ते.’

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, ‘अरे, तुझ्यासाठी मी सही केली. लोक नाही म्हणत होते, मी हो म्हटलं. पन्नास घरांच्या तोंडचा घास काढलास तू. का केलंस?’

‘माह्या मनात खोट आली, साहेब.’

‘आणि पोत्यात काय होतं?’

इथे तो पहिल्यांदा थांबला. पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. ‘काई नोतं.’

‘पोतं कुठे आहे?’

‘जाळलं,’ तो म्हणाला. हे उत्तर मात्र ताडकन आलं.

त्या दिवशी मी त्याच्यावर हात उचलला नाही. पण उचलायची तयारी झाली होती, हेही लिहून ठेवतो. हवालदारांनी मला डोळ्याने बाहेर बोलावलं. व्हरांड्यात म्हणाले, ‘साहेब, लवकर कबूल झालेला आरोपी अन् लवकर शिजलेला भात, दोनी चिमटीत धरून पाहा लागते.’

ते मलाही कळत होतं. पस्तीस वर्षं माणसं पाहिली होती. खरा गुन्हेगार तपशील लपवतो. खोटं कबूल करणारा तपशील समोरच्याकडूनच मागून घेतो, कारण त्याच्याजवळ तो नसतोच. त्याच्या सगळ्या उत्तरांत एकच खरं वाटत होतं, की पोतं जाळलं. म्हणजे पोतं होतं. मग त्यात काय होतं? मला ते उत्तर नकोच होतं, असं आता वाटतं. कारण तेवढ्यात वरिष्ठ कार्यालयातून फोन आला होता. ‘सुटकेचा अहवाल तुमचाच होता ना? संध्याकाळपर्यंत अटींच्या भंगाबद्दल लेखी पाठवा.’ त्या आवाजात राग नव्हता, पण मी ते शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवून घेतले.

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही, हे कायदा शिकलेला पोरगाही सांगेल. पण सुटका रद्द व्हायला, गावाने कायमचं दार लावायला आणि माझ्यासारख्या घाबरलेल्या ठाणेदाराने सुटकेचा श्वास टाकायला ती कबुली पुरेशी होती. मी स्वतःशी म्हणत होतो, जाऊ दे ना, तो स्वतःच म्हणतोय. तू कशाला वकिली करतोस? एकदा केलीस ती भोवली.

दुपारी पंच घेऊन तलावावर गेलो. पाण्याचे आणि माशांचे नमुने सीलबंद केले, प्रयोगशाळेसाठी पत्र तयार केलं. नकाशा काढला. मेलेले मासे खड्डा खणून पुरायला सांगितलं. ऊन असं होतं की जीपच्या दाराला हात लागत नव्हता. काठच्या चिखलात काही बाया पदर खोचून टोपलीत झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली बारीक कोळंबी, वेचत होत्या. मी हटकलं, ‘बाई, विषाचं आहे ते, घरी नेऊ नका.’ त्या हसल्यासारख्या झाल्या आणि बाजूला झाल्या. टोपलीत झिंगे उड्या मारत होते, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. पंचनाम्यात लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही वाटलंच नाही.

तीनच्या सुमारास अहवालाचा मसुदा तयार झाला. ‘सदर इसमाने पोलिसांसमक्ष कृत्य कबूल केले असून’ असं पहिलंच वाक्य होतं. सही करायला पेन उघडलं आणि पोटात कळ आली. पेन बंद केलं. ओव्याचं पाणी मागवलं. पुन्हा उघडलं. तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. म्हणाला, ‘साहेब, ती बाई आली आहे. मयताची.’

माझा अंदाज होता की ती तक्रार द्यायला आली असेल. मनात म्हटलं, बरं झालं, फिर्यादीला माणूस मिळाला. ती गावाहून भर उन्हात काळीपिवळीने आली होती. डोक्यावर ओला टॉवेल, हातात झाकण लावलेला ॲल्युमिनियमचा गंज, म्हणजे उभं पातेलं. आत येऊन ती बसली नाही. गंज माझ्या टेबलावर त्या मसुद्याच्या शेजारी ठेवला आणि झाकण काढलं. तळाला थोडं पाणी, आणि त्यात दहा-बारा झिंगे.

‘पाहा,’ ती म्हणाली.

‘झिंगे आहेत. मग?’

‘जित्ते हायेत.’

‘बरं.’

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझी आई मी गणित चुकल्यावर पाहायची. ‘साहेब, धानावरचं औषध पान्यात पडलं तं पयले झिंगा मरते. केवढासा जीव त्याचा. मासा मंग मरते. इथी पुरा मासा मेला अन् झिंगा खेळून राह्यला. खेकडेबी जित्ते हायेत. कावळे सकाळपासून मासे खाऊन राह्यले, एक तरी मेला का? हे औषध नोहे. हे ढेपेचं काम हाय. आमच्या घरचं लेकरूबी सांगन तुमाले.’

हवालदारांनी कपाळावर हात मारला. ‘बाप्पा, माह्या ध्यानात कसं नाई आलं,’ म्हणाले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोहाच्या बियांचं तेल काढलं की मागे जी पेंड उरते ती ही ढेप. मासेमार ती मुद्दाम वापरतात. बोडी म्हणजे तलावाच्या वरच्या अंगाचं लहान तळं. पावसाळ्यात तिथे माशांचं बारीक बी सोडायचं असतं. त्याआधी बोडीत ढेप टाकली की आतले दांडगे, बी खाणारे मासे मरतात, झिंग्या-खेकड्यांना काही होत नाही. पंधरा-वीस दिवसांनी ढेपेचा जोर ओसरतो आणि तीच खत होते. तोवर मात्र त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही. म्हणून त्या गावात जुनी रीत होती. ढेप टाकायच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीचा माणूस प्रत्येक सभासदाच्या दारासमोर उभा राहायचा आणि सांगायचा, ‘उद्या ढेप आहे.’

मी विचारलं, ‘तलावात ढेप कुणी टाकली?’

‘तलावात कोनी नाई टाकली. बोडीत टाकली. कोनं टाकली ते मले नाई मालूम.’ मग ती थांबली. पदराने तोंड पुसलं. ‘पन बोडी मी फोडली.’

मी हवालदारांना खूण केली. त्यांनी कागद घेतला.

तिचं उन्हाळी धान पोटरीवर, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात होतं आणि कालव्याला पाणी नव्हतं. तिचं शेत बोडीच्या खाली लागून. आदल्या संध्याकाळी तिने फावड्याने बोडीचा बांध हातभर कापला आणि शेतात पाणी घेतलं. दरसाल घ्यायची. ढेप नेहमी ज्येष्ठात पडते, चैत्रात नाही, आणि दारावर कुणी सांगायला आलं नव्हतं. अंधार पडायला आला होता. बांध नीट बुजवला असं वाटून ती घरी गेली. तो बांध मागून खचला. शेत भरून पाणी नाल्याला लागलं आणि नाल्याने तलावात. सकाळी मासे मेल्याचा गलका झाला तेव्हा तिने आधी झिंगे पाहिले आणि मग बोडीवर धाव घेतली. काठाला पांढरा फेस, ढेपेचा वास. ती तशीच घरी परतली. दिवसभर ती घरात दार लावून बसली होती.

‘मग आता का आलात?’ मी विचारलं.

‘गावात सांगून राह्यले, तो कबूल झाला. जे मी केलं ते तो कसा कबूल झाला?’

ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती. तो कोपऱ्यात तसाच बसलेला, आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मी त्याच्याजवळ जाऊन वाकलो. ‘तू हिला बोडीवर पाहिलं होतंस?’

त्याने तोंडावरचे हात काढले आणि म्हणाला, ‘सांजच्याले पायलं, फावडं घेऊन. सकाळी मासे पायले तं मी बोडीवर गेलो. ढेपेचं पोतं पडून होतं. मले वाटलं, हिनंच टाकली. मले इथून काढासाठी टाकली. मी पोतं आनलं अन् चुलीत घातलं. ढेप म्हटलं असतं तं तुमी बोडीवर गेले असते. म्हनून औषध म्हटलं.’

‘सोसायटीने टाकली असेल, हे मनात नाही आलं?’

तो माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मी वेड्यासारखं विचारत होतो. ‘सोसायटीनं टाकली असती तं मले सांगतलं असतं ना साहेब. राखनदार हाव मी.’

मला माझीच लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

मी त्या बाईला बसायला सांगितलं. ती बसली नाही. न राहवून मी एक प्रश्न विचारला, जो पोलिसाने विचारायला नको होता. ‘बाई, तुम्ही गप्प बसला असता तर हा आज परत आत गेला असता. तुम्हाला तेच हवं होतं ना?’

‘हवं होतं,’ ती म्हणाली. ‘आताबी हवं हाय. तुमी तवा माह्या दारात आले, इचारलं. मी गप्प राह्यली. गप्प राह्यली म्हनजे हो म्हटलं का? तुमाले लिवाचं होतं ते तुमी लिवलं.’ तिने गंजावर झाकण ठेवून दाबलं. ‘यानं माहा मानूस मारला. त्याची सजा भोगली. सरकार म्हनते सरली, सरली असन. पन मासे यानं नाई मारले. अन् याले वाटत असन का माह्यासाठी जेलात गेलं का फिटलं, तं सांगून ठेवा याले. फिटत नाई. मले याचा उपकार नको.’

तिचा जबाब वाचून दाखवला. तिने अंगठा नाही, सही केली. मग विचारलं, ‘आता मले ठेवता का इथी?’ तेव्हा पहिल्यांदा ती घाबरलेली दिसली. मी म्हटलं, ‘नाही बाई. बांध कापला म्हणजे विष घातलं असं होत नाही. घरी जा.’ ती गंज उचलून निघाली. जाताना त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

दिवस मावळायच्या आत मी बोडीवर पोचलो. सगळं तिने सांगितलं तसंच होतं. खचलेला बांध, फेस, झुडपात आणखी दोन रिकामी पोती. अध्यक्षांना तिथेच बोलावलं. पोती बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. तीन दिवसांपूर्वी त्यांनीच दोन गडी घेऊन ढेप टाकली होती. यंदा अवकाळी पावसाने बोडी आधीच भरली होती, म्हणून लवकर.

‘दारोदार सांगितलं होतं का?’

‘आता कोन दारोदार फिरते साहेब? ग्रुपवर टाकलं होतं.’ त्यांनी मोबाईल काढून दाखवला. सोसायटीचा ग्रुप, त्यावर संदेश की बोडीत ढेप टाकली आहे, कुणी पाणी घेऊ नये. खाली वीसेक अंगठे.

‘ती बाई आहे का यात?’

‘तिचा मोबाईल बटनाचा हाय.’

‘राखणदार?’

त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. मी विचारलं, ‘सकाळी मासे पाहिल्यावर तुमच्या मनात ढेप आली नाही?’

‘आली होती,’ अध्यक्ष जमिनीकडे बघत म्हणाले. ‘खोटं कायले बोलू. पन लोकायनं मलेच धरलं असतं. त्याले पोत्यासंगं पायलं अन् वाटलं, बरं झालं, यानंच केलं असन.’

मी त्यांना खूप बोललो. मनातून मात्र जाणवत होतं, की सकाळपासून मीही तेच करत होतो. त्यांना लोकांची भीती होती, मला वरिष्ठांची.

अहवाल दुसराच पाठवला. प्रयोगशाळेचा निष्कर्ष पुढे आला, कीटकनाशकाचा अंश नाही. पण गाव प्रयोगशाळेची वाट बघत नसतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीची बैठक झाली, मी मुद्दाम गेलो. नुकसान तर झालंच होतं, ते कुणी भरून देणार नव्हतं. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर चूक मानली. आणि मग एकजण उठून म्हणाला, ‘झालं ते झालं. पन राखनदार बदला. गावाले शांती पायजे.’ बऱ्याच माना हलल्या. मी उठून बोलणार होतो, पण काय बोलणार? माझ्या शब्दावरच तो इथे आला होता आणि माझा शब्द आता कुणाला नको होता.

बायांच्या बाजूने ती उठली. ‘मी त्याले माफ नाई केलं,’ म्हणाली. ‘करनार बी नाई. पन राखनदार काढाचा असन तं सांगा, त्याची चूक कोनती? न सांगता ढेप टाकली त्याले काढा. बोडी फोडली ती मी, मले काढा. त्याच्यानंतर त्याच्याकडे या.’ आणि बसली. मग कुणी तो विषय काढला नाही. झोपडी ज्यांनी मोडली होती त्यांनीच दोन दिवसांनी ताट्या बांधून दिल्या.

लोक विचारतात, या प्रकरणाने काय शिकवलं. मी इतकी वर्षं समजत होतो की सुटून आलेल्या माणसाला काम दिलं, छप्पर दिलं की तो गावात परतला. तसं नसतं. ज्या माणसाला गावातलं साधं काही कुणी सांगत नाही, तो गावात राहूनही आत आलेला नसतो. आणि दुसरी गोष्ट माझ्या खात्याची. ज्याचं माणूस गेलं त्याच्या दारात आपण सही घ्यायला जातो. त्याचं ऐकून घ्यायला जात नाही. त्या बाईच्या गप्प बसण्याला मी एका ओळीत गुंडाळलं होतं. ती ओळ माझ्या नोकरीतली सगळ्यात खोटी ओळ आहे, आणि तिच्यावर माझी सही आहे.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला लग्नाला गेलो होतो. वाट वाकडी करून तलावावर गेलो. डोंगावाला जाळं विणत बसला होता. मला पाहून उभा राहिला, पण या वेळी मी न सांगता बसलाही. चहा केला. मी विचारलं, ‘कसं चाललंय? बोलतात का लोक?’

‘काई बोलतेत, काई नाई,’ तो म्हणाला. ‘पन ढेप टाकाची असली तं सांगतेत.’

‘कोण सांगतं?’

त्याने जाळ्यातली गाठ ओढून घट्ट केली. ‘सोसायटीनं तिच्याकडेच देल्लं आता ते काम. सबन घरी फिरून सांगते. इथीबी येते. माह्याकडे पाहात नाई. झोपडीच्या ताट्याले सांगते, उद्या ढेप हाय. अन् जाते.’

‘आणि तू काय म्हणतोस?’

‘मी कायले काई म्हनू साहेब? ती पारीवरून उतरून जाईपर्यंत आतच राह्यतो. मंग बोडीवर जाऊन बसतो. रातभर बांध पाहा लागते.’